लोटनआबांचं विरजण

आमच्या धुळ्याच्या गल्लीत लोटनआबा राहायचे. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचं ते दही लावून बघत. हो, दहीच! कॅप्सूल फोडायची, आतली पिवळी पूड चिमूटभर दुधात टाकायची, वर विरजण. दूध दुधासारखं राहिलं तर औषध खरं. दही लागलं तर औषध म्हणजे नुसता खडू, फेका उकिरड्यावर!

हे ज्ञान आलं कुठून? तर गवळ्याच्या म्हशीची कास सुजली, ढोरांच्या डॉक्टरने सुई टोचली आणि तिच्या दुधाचं दही काही लागेना. झालं! आबांनी जन्मभर जिनिंग गिरणीत कापसाचा धागा बोटांनी ओढून प्रत ठरवलेली. निवृत्तीनंतर कापूस उरला नाही, मग औषधं धरली. "खात्री केल्याशिवाय घशाखाली नाही!" हे पालुपद.

आता मला सांगा, पौषाच्या थंडीत दही लागतं कधी? म्हणून थंडीत सगळी औषधं खरी. वैशाखात आमच्याकडे दूध नुसतं बघितलं तरी आंबतं, म्हणून उन्हाळ्यात सगळी खोटी. एवढं साधं त्या डोक्यात शिरेना. सगळं दूध असं वाटीवाटीने संपताना बघून त्यांची बायको, अक्का, वैतागून म्हणायची, "बठ्ठं दूध वाया गयं, माय!"

अशाच एका वैशाखात अक्काच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय गुडघ्यापर्यंत लालबुंद, ताप फणफणलेला. डॉक्टरांनी कॅप्सूल देऊन बजावलं, "आत्ताच सुरू करा. विष अंगात भिनलं तर बाई हाती लागणार नाही."

दुपारी मी गेले, तर अक्का खाटेवर कण्हतेय आणि आबा वाटीपुढे मांडी घालून बसलेले.

"औषध दिलं का, आबा?"

"थांबा ताई. तिला सोसेल की नाही बघायला सकाळी एक मी गिळलीय. अजून तरी धडधाकट आहे."

"तुम्हाला ताप आहे का? तुमच्या पोटात जाऊन ती काय कीर्तन करणार होती?"

आबांनी वाटीवरचं फडकं उचललं. दही घट्ट लागलेलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "खोटं आहे, ताई!" म्हणत पुडी फेकायला उठले. मी ती हिसकावली, अक्काची मान उचलली आणि कॅप्सूल गिळवली. पुढच्याही सगळ्या मीच जाऊन दिल्या. या माणसाचा काय भरवसा!

हळूहळू ताप उतरला, सूज ओसरली. आता आबांना चांगलं सोलून काढायचं ठरवून मी गेले. अक्का खाटेवर उठून बसली होती. अशक्तपणाने तिचे हात वर जात नव्हते. मागे आबा, दातांत फणी धरून तिची वेणी घालत होते.

"त्यास्ले सांगा, वढू नका. दुखस," अक्का म्हणाली.

"मी घालते," म्हणत मी पुढे झाले.

"नको ताई. जमतंय मला."

कसलं जमतंय! वेणी एका कानावरून निघून पाठीवर वाकडीतिकडी उतरली होती. आणि टोकाला बांधायला त्यांनी आपल्या कोऱ्या धोतराचा काठ फाडला होता.