संग्रहालयात सापडलेले पंडित

दोरीच्या आत जाऊ नये अशी पाटी तीन भाषांत लावलेली होती आणि पंडितला तिन्ही वाचता येत होत्या. तरी तो आत गेला, कारण आतला तो हातमाग त्याच्याने बघवेना.

तसा तो या संग्रहालयात काही स्वतःच्या हौशीने आला नव्हता. मेव्हणी रुक्मिणी धरणगावहून चार दिवसांसाठी त्यांच्या सुरतेतल्या घरी, लिंबायतला आली होती आणि "एवढी वर्षं सुरतेत राहता, काहीतरी दाखवा की," असा तिने लकडा लावला होता. मग कारखान्याच्या सुट्टीच्या वारी पंडित, त्याची बायको शोभाबाई आणि रुक्मिणी असे तिघे तापीकाठच्या या संग्रहालयात दाखल झाले. डच लोकांच्या बशा बघून झाल्या, जुनी नाणी बघून झाली. पेंढा भरलेल्या मगरीपाशी दोघी बहिणी रमल्या, तिचे दात खरे की खोटे यावर त्यांची चर्चा सुरू झाली, आणि पंडित एकटाच पुढच्या दालनात शिरला. समोर हातमाग मांडलेला होता.

पंडित उधन्यात बत्तीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त करत होता. त्याआधी बापाच्या हातमागापाशीच तो लहानाचा मोठा झाला होता. त्याने मागाकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. पायाखालच्या दोन्ही पावड्यांच्या दोऱ्या एकाच चौकटीला बांधलेल्या! पाय कितीही मारा, उभ्या धाग्यांचा ताणा उघडायचा नाही. ताणाच उघडला नाही तर आडवा धागा नेणारा धोटा जाणार कुठून?

"कोण्या गाढवानं बांधलाय हा?" असं पुटपुटत त्याने दोरी ओलांडली, खाली वाकला आणि नुसती एक गाठ चाचपली. तेवढ्यात वरची एक लाकडी खुंटी निसटून थेट त्याच्या हातात आली.

शिट्टी वाजली. दारात पहारेकरी उभा होता.

"ए चाचा! क्या कर रहे हो? नाम क्या है?"

पंडितने खुंटी पाठीमागे लपवली. "पं... पंडित."

पहारेकऱ्याच्या हातातली शिट्टी खाली पडली. त्याने खाडकन पाय जुळवले आणि सलाम ठोकला. "माफ करना, पंडितजी! साहब सुबह से आपकी राह देख रहे हैं."

साहेब आपली सकाळपासून वाट पाहतात? कॅमेरे असतात म्हणतात सगळीकडे, पण आपण इथे येणार हे यांना सकाळीच कळलं? हातातली खुंटी कुठे ठेवावी हे न सुचून तो ती तशीच धरून पहारेकऱ्यामागे चालू लागला. 'प्रवेश बंद' लिहिलेल्या दारातून नवऱ्याला नेत आहेत, हे शोभाबाईने मगरीपासून पाहिलं आणि ती रुक्मिणीला ओढत तिकडे निघाली.

संग्रहालयाचे अधिकारी हितेंद्रभाई खुर्चीवरून उठून उभे राहिले. बोलणं गुजरातीत झालं. बत्तीस वर्षांत पंडितला गुजराती पाण्यासारखी यायला लागली होती.

"या, या पंडितजी! किती दिवस तुमच्या मागावर होतो. आज सापडलात!"

"साहेब, चूक झाली," पंडित हात जोडून म्हणाला. खुंटी जोडलेल्या हातांतच राहिली. "ती आधीच ढिली होती."

"चूक आमचीच हो! आमच्या माणसांना काय कळतंय त्यातलं? बसा. आधी खमण खा."

पंडितने खमणाकडे पाहिलं. लिंबायतमधल्या कुणालाही कुठल्याही कचेरीत आधी खायला घालत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढे काहीतरी भयंकर असणार. तेवढ्यात हितेंद्रभाईंनी एक जाडजूड वही पुढे सरकवली. "इथे सही करा. नाव, वेळ, आणि कशासाठी आलात ते."

कबुलीजबाबच की! पंडितने लिहिलं : 'पंडित. दुपारी एक. मागाला हात लावला.'

हितेंद्रभाईंनी ते वाचलं आणि ते भारावून गेले. "केवढा साधेपणा! नाहीतर मोठी माणसं पानभर पदव्या लिहितात."

तेवढ्यात दार ढकलून शोभाबाई आत आली. तिच्या मागे रुक्मिणी होतीच.

"काय व्हयनं?" शोभाबाईने घरच्या अहिराणीत कुजबुजून विचारलं.

"हात लाया," पंडित म्हणाला.

"कसाले लाया?"

"ऱ्हावायनं नही."

"या भाभीजी, बसा!" म्हणत हितेंद्रभाईंनी दोघींसाठीही चहा मागवला. घरच्यांनाही सोडत नाहीत, हे पाहून शोभाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. रुक्मिणीने मात्र निवांतपणे खमण खाल्लं. तिने कशालाच हात लावलेला नव्हता.

"साहेब, मी बसवून देतो परत," पंडित काकुळतीने म्हणाला. "पहिल्यापेक्षा चांगला करून देतो. पण मला जाऊ द्या."

"अहो, त्यासाठीच तर सगळं! चार वाजता जयाबेन येणार आहेत मागाच्या उद्घाटनाला. मोठ्या कापड घराण्यातल्या आहेत, ऐंशीच्या पुढच्या. माग चालताना बघायचाय त्यांना. चालेल ना?"

"चालेल. एक पाना, खोबरेल आणि थोडं सूत द्या."

पंडितने मागाचा ताबा घेतला आणि पहिल्या दहा मिनिटांतच तो शिक्षा वगैरे विसरून गेला. त्याने पावड्यांच्या दोऱ्या सोडून दोन वेगळ्या चौकटींना बांधल्या, ताण्याचे तुटलेले धागे जोडले, धोट्याच्या वाटेला तेलाचा हात फिरवला. शोभाबाई शेजारी स्टुलावर बसून धोट्यात घालायची सुताची कांडी भरू लागली. सासरी आल्यापासूनची तिची ती सवय होती. तीन वाजता पंडितने पाय मारला. ताणा दुभंगला. धोटा सर्रकन इकडून तिकडे गेला आणि धागा ठोकणारी फणी ठाक्‌कन बसली. हितेंद्रभाईंनी टाळ्या वाजवल्या. बोटभर कापड झालं तेव्हा रुक्मिणी म्हणाली, "मगरीपेक्षा हे बरं आहे, भाऊजी."

सव्वातीन वाजता फाटकाशी एक घामाघूम गृहस्थ उतरले. वळण चुकून त्यांची गाडी थेट शहराबाहेर कडोदऱ्याला गेली होती आणि तिथल्या ट्रकांच्या गर्दीत दोन तास अडकली होती.

"मी प्राध्यापक पंडित. बडोद्याहून आलोय, मागासाठी."

पहारेकरी हसला. "पंडितजी तो अंदर हैं. टिकट उधर."

प्राध्यापकांना तिकीट काढूनच आत यावं लागलं. त्यांनी ओळखपत्र दाखवलं तेव्हा हितेंद्रभाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मागावर बसलेल्या माणसाकडे पाहिलं.

"मग तुम्ही कोण?"

"पंडित," पंडित म्हणाला. "उधन्याचा फिटर. साहेब, झालं काम. जाऊ आता?"

प्राध्यापक मागाभोवती एक फेरी मारून आले, त्यांनी वाकून गाठी पाहिल्या, मग चष्मा पुसला. ते पिढ्यान्‌पिढ्या बडोद्याचे, त्यामुळे त्यांचं मराठी एकदम शुद्ध होतं.

"हे आपण दोन तासांत केलंत? मला दोन दिवस लागले असते. तेसुद्धा पुस्तक शेजारी ठेवून." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पंडित, आपल्यापाशी कबूल करायला हरकत नाही. मागावर मी तीन ग्रंथ लिहिलेत, पण बसलो एकदाही नाही. मला दाखवाल?"

पंडितने जागा दिली. प्राध्यापकांनी कोट काढला, बाह्या वर सारल्या आणि धोटा फेकला. तो समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला.

"हळू. ढकलायचं नाही, सोडायचं," पंडित म्हणाला. "आधी पाय, मग हात. हां... आता फणी. परत."

वीस मिनिटांत प्राध्यापकांच्या केसांत सूत अडकलं, शर्टावर तेलाचा डाग पडला, पण कापड चार बोटं पुढे सरकलं. ग्रंथांत लिहिलेलं पहिल्यांदाच आपल्या हातांनी घडतंय, या आनंदात ते होते. नेमक्या त्याच वेळी, वेळेच्या पंधरा मिनिटं आधी, जयाबेन काठी टेकत दालनात आल्या.

"पंडितजी कोण?" त्यांनी विचारलं.

हितेंद्रभाईंनी तोंड उघडलं, पण पहारेकऱ्याने अजिबात न अडखळता सुट्टीच्या दिवसाचा पांढराशुभ्र शर्ट घातलेल्या पंडितकडे बोट दाखवलं. जयाबेननी हार त्याच्या गळ्यात घातला. मग त्या मागाकडे वळल्या आणि सुताने माखलेल्या प्राध्यापकांच्या पाठीवर त्यांनी मायेने थाप मारली.

"सरस काम करतोस हो, भाई. किती वर्षं झाली या लाइनीत?"

प्राध्यापकांनी क्षणभर विचार केला. ते खोटं बोलणारे नव्हते.

"आजच बसलोय, बेन."

"पहिल्याच दिवशी एवढं?" जयाबेन चकित झाल्या आणि पंडितकडे वळल्या. "पोरगा हुशार आहे. टिकवा याला."

पंडितने वाकून चार बोटं कापड अंगठ्याने चाचपलं. असे कित्येक नवखे त्याने हाताखालून घातले होते.

"धोटा जरा जोरात मारतो," तो म्हणाला. "पण महिनाभर नीट राहिला, तर हात बसेल त्याचा."