विलायती आवाज आणि व्हॉल्व्हवाला

कोल्हापूर, सांगली आणि निपाणी या तिन्ही गावांत ज्याच्या तर्कबुद्धीला तोड नाही असा माणूस मंगळवार पेठेत एकच राहतो आणि तो आपणच, याबद्दल अमरसिंहला शंका नव्हती. दारावरच्या पाटीवर त्याने 'आंतरराज्य कीर्तीचे गुप्तहेर' असं रंगवून घेतलं होतं. त्यातलं 'आंतरराज्य' खरं होतं. कोडोलीची एक हरवलेली म्हैस शोधत तो एकदा निपाणीपर्यंत, म्हणजे थेट कर्नाटकात, जाऊन आला होता. म्हैस त्याच संध्याकाळी आपल्या पायांनी गोठ्यात परतली, पण सीमा ओलांडली होती हे कुणी नाकारू शकत नव्हतं. 'गुप्त' हेही खरं होतं. ही कीर्ती इतकी गुप्त राहिली होती, की शेजारच्या पिठाच्या गिरणीतही ती अजून पोचली नव्हती. हे अमरसिंहला कधीकधी जाणवायचं. मग तो पाटी पुसून घ्यायचा.

त्या म्हशीचा मालक बाळासो हा त्याचा मदतनीस. सकाळी पेठेत दूध घालायचं आणि उरलेला दिवस अमरसिंहसमोर बसून काढायचा, हा त्याचा क्रम. "म्हशीला तुमच्यापरास जास्त समजतं, हे मला तवाच कळलं हुतं, सायेब," असं तो अधूनमधून म्हणे. अमरसिंह 'सायेब' एवढंच ऐकत असे.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी पलीकडच्या गल्लीतली संघप्रिया आली. कॉलेजात शिकणारी, पाठीला गिटार. तिने साबणाच्या डबीएवढ्या तीन लोखंडी डब्या टेबलावर मांडल्या.

"काका, आवाज हरवलाय."

'काका' अमरसिंहला लागलं, पण त्याने चेहरा आंतरराज्य ठेवला. "बोलताय तर चांगलं की."

"माझा नाही. गिटारचा."

तिने समजावून सांगितलं. या डब्या म्हणजे पेडल. गिटार आणि अँप, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, यांच्या मध्ये जोडायची आणि पायाने दाबायची. मग आवाज जरा फाटतो.

"फाटलेला आवाज चांगला असतोय?" बाळासोने विचारलं. "आमची आत्या फुकटच वाया चाललीया मग."

"छान फाटला पाहिजे, मामा. साठेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये ट्यूबचे अँप होते. ते पूर्ण वाढवले की त्यांचाच आवाज असा फाटायचा. तसले अँप आता आपल्याला कुठले मिळायला? म्हणून त्यांची नक्कल करणारी ही पेडलं. चंदेरी घंटेसारखं किणकिणतं. काळं वाघासारखं गुरगुरतं. सोनेरी दोन्ही करतं म्हणतात, पण वाघाच्या गळ्यात घंटा बांधल्यासारखं वाटतं."

दुकानदाराने तिन्ही वापरून बघायला दिली होती. शनिवारी संध्याकाळी एक ठेवून दोन परत करायची होती. गेल्या शनिवारी संध्याकाळी तिने वाजवताना मोबाइलवर क्लिप काढली, आणि तिच्यात तो आवाज आला, हुबेहूब विलायती. त्या क्लिपवर तिची शहरातल्या गिटार स्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी निवड झाली. मग एका परीक्षकाने कळवलं, की हा आवाज कॉम्प्युटरवर केलेला दिसतो. रविवारी स्टेजवर तोच काढून दाखवा, नाहीतर नाव रद्द.

"आठवडाभर तिन्ही पेडलं सगळ्या तऱ्हेनं लावून बघितली. येतच नाही. त्या दिवशी कुठलं चालू होतं तेवढं सांगा. नाहीतर परवा सगळ्यांसमोर मी खोटारडी ठरणार."

तिने क्लिप लावली. आधी 'टक' असा आवाज आला, आणि मग गिटार अशी काही गरजली, की बाळासो खुर्चीत सरळ बसला.

"टक," अमरसिंह म्हणाला. "पेडल सुरू झालं. पण कुठलं? त्या दिवशी काही वेगळं केलं होतंत?"

"नाही. आवाज उगाच मोठा वाटला, म्हणून अँपचं पुढचं बटण कमी केलं. बस."

"बटण सोडा," अमरसिंह म्हणाला. बटणावर संशय घ्यायला आंतरराज्य कीर्ती लागत नाही.

संघप्रियाच्या घरी आजी तानूबाईंनी "जय भीम" म्हणून चहा ठेवला. खोलीत एक बोजड लोखंडी पेटी होती, वर विणलेलं पांढरं कापड. संघप्रियाचे आजोबा दादासो सभांना, लग्नांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. ते गेल्यावर धंदा बंद झाला, पेटी उरली. नातीने तिलाच गिटार जोडली होती. वेगळा अँप कुठून आणणार?

अमरसिंह पेटीच्या कापडावर वाकला. "इथं गोल डाग आहे. कुणीतरी इथं बशी ठेवून चहा प्यायलंय. परका माणूस."

"एवढी मोठी बशी?" बाळासो म्हणाला. "पावना काय हत्ती हुता?"

अमरसिंहने तो मुद्दा राखून ठेवला. त्याची नजर वर गेली होती. ट्यूब. पोरीने स्वतःच सांगितलं होतं, ट्यूबचा आवाज. त्याने बाळासोला स्टुलावर चढवून छतालगतची ट्यूबलाईट काढायला लावली. अंधारात संघप्रियाने वाजवलं. आवाज तोच राहिला. फक्त अमरसिंह चहाच्या कपात उभा होता.

"सायेबांची ट्यूब पेटायला येळच लागतोय," अंधारातून बाळासो म्हणाला. "स्टार्टर बदलाय पायजे."

"काका, ती ही ट्यूब नव्हे. काचेची असते, बल्बसारखी. आणि इंग्रज तर तिला ट्यूब म्हणतच नाहीत. व्हॉल्व्ह म्हणतात."

अमरसिंह थबकला. विलायती आवाज, व्हॉल्व्ह, आणि शनिवारची संध्याकाळ, म्हणजे गल्लीत नळाला पाणी यायची वेळ. पाणी येण्याआधी नळ गुरगुरतो हे लहान मूलही सांगेल. क्लिपमध्ये जे गुरगुरत होतं ते पेडल नव्हतंच. पेठेत व्हॉल्व्हवर हात ठेवणारा माणूस एकच होता, पाणी सोडणारे गणपतराव.

गणपतराव चौकातल्या खड्ड्यावर वाकून लांब किल्ली फिरवत होते.

"गेल्या शनिवारी संध्याकाळी तुम्ही कुठं होता?"

"हितंच. व्हॉल्व सोडत."

"म्हणजे कबूल करताय."

"पावणं, त्याचाच पगार मिळतोय मला."

"व्हॉल्व्हमधून आवाज येतो?"

"येतो की. पाणी उशिरा सोडलं की अख्ख्या गल्लीचा येतो." त्यांनी किल्ली खांद्यावर घेतली. "पर व्हॉल्व सोडला की पाणी येतं, गाणं न्हाय. तुमच्याकडं येत असलं तर अर्ज करा."

संशयिताचा शांतपणा अमरसिंहला खटकला. शनिवारी संध्याकाळी त्याने बाळासोला नळाला कान लावून बसवलं आणि संघप्रियाला वाजवायला सांगितलं. नळ गुरगुरला, पाणी आलं, बाळासोच्या कानात गेलं. गिटारचा आवाज कालच्यासारखाच राहिला, नीटनेटका, मऊ, गावठी.

"काय ऐकू आलं?"

"आता काय बी ऐकू येत न्हाय," बाळासो म्हणाला.

संघप्रियाने पेडलं मधून काढली, गिटारची वायर पहिल्यासारखी थेट पेटीला लावली आणि तिन्ही डब्या खोक्यात भरल्या. "राहू दे, काका. तिन्ही परत देते. उद्याचं नावही काढून घेते. खोटारडी म्हणवून घ्यायला स्टेजवर कशाला जायचं?"

अमरसिंहला काही सुचलं नाही. असं बऱ्याचदा व्हायचं, पण समोरचं माणूस रडवेलं असताना ते फार उघडं पडायचं. निपाणीच्या फाट्यावर उभं असताना वाटलं होतं तसंच आज वाटलं. आपण फार लांब आलोय, आणि म्हैस इकडे नाहीच.

तेवढ्यात तानूबाई टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं घेऊन आल्या. पातेलं पेटीवर ठेवलं, हात मागे घालून काहीतरी फिरवलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. संघप्रियाने गिटार बंद करण्याआधी एकदा तारांवरून बोटं फिरवली.

खोली गरजली. पातेल्यावरचं झाकण थरथरलं. सवयीने तिने पुढचं बटण कमी केलं, पुन्हा वाजवलं, आणि हात तसाच तारांवर राहिला.

"हाच," ती म्हणाली.

"कुठलं पेडल?" अमरसिंहने विचारलं.

"एकही नाही. सगळी खोक्यात आहेत."

बाळासोने नळाकडे बघितलं. तो बंद होता.

"आज्जी, आत्ता काय केलंस गं?"

"कुठं काय? दही लावलं," तानूबाई दारातून म्हणाल्या. "उद्या विहारातली माणसं जेवायला हायती, कढीला लागंल की. थंडीत विरजण लागत न्हाय बघ. तू वाजवाय लागलीस की ही पेटी गरम हुती. दर शनवारी हितंच ठेवते."

"ते नव्हे. मागं हात घालून काय फिरवलंस?"

"ते व्हय? बटण. मोठं केल्याबिगर जोरात तापंल कशी? शेगडीगत हाय ते. दही लागलं की बारीक करून ठेवते. तुझं आजोबा लय कावायचं, माईकचं बटण हलवू नगं म्हणून. दही घट्ट लागायचं मातूर त्यास्नी."

संघप्रिया जमिनीवर आडवी झाली आणि पेटीच्या मागच्या जाळीतून आत बघू लागली. आत चार काचेच्या कुप्या नारंगी पेटल्या होत्या.

"आज्जी, ह्यात ट्यूब आहेत."

"ट्यूब कुठल्या? व्हॉल्व हायती ते. व्हॉल्व तापल्याबिगर पेटी बोलत न्हाय, आजोबा रोज म्हणायचं."

क्लिपमधली 'टक' पेडल सुरू झाल्याची नव्हती. ते बंद झालं होतं. विलायती आवाजाची नक्कल शोधत सगळे दुकान ते चौक हिंडत होते आणि खुद्द तो आवाज घरात दही लावत होता.

"तपासाची दिशा बरोबर होती," अमरसिंह म्हणाला. "मी कालच म्हटलं होतं, व्हॉल्व्ह."

"आनि बशी?" बाळासोने विचारलं.

फी म्हणून तानूबाईंनी अमरसिंहला दुसऱ्या दिवशी वाटीभर दही दिलं. सुरी फिरवली असती तर वड्या पडल्या असत्या. स्वतःच्या कुठल्याही निष्कर्षाला इतका घट्टपणा आला नव्हता, हे त्याने खाताना मनातल्या मनात मान्य केलं.

रविवारी संध्याकाळी बाळासोने ती पेटी खांद्यावरून स्टेजवर नेली. तिन्ही पेडलं दुकानात परत गेली होती. अमरसिंह तिसऱ्या रांगेत बसला होता, शेजारी गणपतराव. झाल्या चौकशीची भरपाई म्हणून त्याने त्यांना आग्रहाने आणलं होतं. संघप्रियाने पेटी तापू दिली, मागचं बटण मोठं केलं, पुढचं बारीक केलं आणि वाजवलं. संशय घेणारे परीक्षक खुर्चीतून उठून स्टेजपाशी आले आणि तिच्या पायाशी वाकून बघू लागले. तिथे फक्त चपला होत्या.

"नाव राहणार तुझं," ते माईकवर म्हणाले. "पण एवढं सांग, हा आवाज कुणाचा?"

"व्हॉल्व्हचा, सर," संघप्रिया म्हणाली.

गणपतराव सावकाश अमरसिंहकडे वळले.

"पावणं, आज माझी सुट्टी हाय."