सोला टोपीतल्या वैनी

आमच्या वैनी कोथिंबिरीची जुडी आणायला खाली उतरतात तेव्हासुद्धा डोक्यावर इंग्रज साहेबाची टोपी असते. पाचवारी साडी, पायात रबरी चप्पल, हातात कापडी पिशवी आणि वर ती खाकी, गोल, जाडजूड सोला टोपी. हनुवटीखाली पट्टा आवळलेला. आमच्या हाटकेश वस्तीत नवीन राहायला आलेली माणसं त्यांना पहिल्यांदा बघतात आणि शूटिंग कुठे चाललंय म्हणून कॅमेरा शोधायला लागतात.

वैनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्या चौथ्या. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मागाहून लपवाछपवी नको. मला वैनींचा हेवा वाटतो. लग्न होऊन आले तेव्हापासून वाटतो. सासूबाई होत्या तेव्हा वैनींच्या घावनांचा वाटायचा, आता टोपीचा वाटतो. बाकी जगात मला कुणाचा हेवा नाही. शेजारणीने दोन गाड्या घेतल्या, मी पेढे खाऊन आले.

पण टोपीचा का वाटू नये, तुम्हीच सांगा. दहा वर्षं मी त्याच भाजीवाल्याकडे भाजी घेतेय. मला तो म्हणतो, "आंटी, दबाके मत देखो." वैनी दिसल्या की उठून उभा राहतो. "मेमसाब, आपके लिए अलग रखा है." काय अलग ठेवलंय, तर दुधी! रिक्षावाले माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात. वैनींसमोर आपणहून ब्रेक मारतात आणि वर विचारतात, "मॅडम, कौनसे डिपार्टमेंट से?" वैनी खरं तेच सांगतात, की मी रिटायर आहे. पण त्या टोपीखालून ते असं येतं, की समोरच्याला वाटतं बाई गुप्त चौकशीला आलीय.

ही टोपी आली भाईंदरजवळच्या मुर्धा गावाहून. वैनी आरोग्यसेविका होत्या. घरोघर फिरून पोरांना डोस पाजायचे, गरोदर बायकांची विचारपूस करायची. तेव्हा तिकडे मिठागरं चालू होती. मे महिन्यात बांधावरून जाताना वैनींना भोवळ आली आणि त्या मिठाच्या ढिगाशेजारी बसल्या. गावातल्या एका म्हाताऱ्याने त्यांना सावलीत नेलं, पाणी दिलं आणि घरातून टोपी आणली. "बाय, हितं ऊन निस्तं वरून न्हाय लागत, मिठावरून खालनं पन लागतं. ही घे. मिठागराच्या सायबाची हाय. सायेब गेला, टोपी ऱ्हायली." वैनींनी घातली. दुसरी कुठली बाई असती तर निदान इकडेतिकडे बघून लाजली असती. ह्या तश्शाच पुढच्या घरी डोस पाजायला गेल्या. पोरं टोपीकडे बघून आ वासायची, की ह्यांनी थेंब टाकलेच.

तेव्हापासून वैनींना टोपीचं वेडच लागलं. सोला टोपी भेंडाची असते. मुंडावळ्या, बाशिंगं ज्या पांढऱ्या हलक्या भेंडाची करतात, तेच. हे मला माहीत आहे कारण गेली पंचवीस वर्षं मी ते दर उन्हाळ्यात ऐकतेय. आतून हिरवं कापड, म्हणजे डोळ्यांना गारवा. बाहेर पडण्याआधी टोपीवरून पाण्याचा हात फिरवायचा. "हात फिरवायचा, आंघोळ नाही घालायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, कारण भेंड फार भिजलं की फुगतं आणि टोपीचा आकार जातो. पावसाळ्यात टोपी कपाटात आणि वैनी छत्रीत, चारचौघींसारख्या. ते चार महिने माझे बरे जातात.

रस्त्यात कुणाच्याही डोक्यावर काही दिसलं की ह्यांचा निकाल तयार. सोसायटीत पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाची काळी टोपी बघून त्याला जिन्यातच उभं केलं. "काळी? उन्हात काळी? ऊन काय तुमचा मामा लागतो?" हा मामा त्यांच्या तोंडात कायमचा. वॉचमनला मामा, पोस्टमनला मामा. माझ्या नवऱ्याचं टक्कल उघडं दिसलं तरी मामा. आणि गंमत म्हणजे कुणी रागवत नाही! मी साधं "चपला बाहेर काढा" म्हटलं तरी लोकांना लागतं.

हे सगळं मी सोसलं असतं हो. पण प्राची. माझी मुलगी.

वैनींना मूलबाळ नाही. मी स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगवर होते, संध्याकाळी सातला घरी. वैनींची फिरती दुपारी संपायची. त्यामुळे शाळा सुटली की प्राची चौथ्या मजल्यावर. जेवण तिथे, अभ्यास तिथे, वेणी तिथे. सातला ती खाली यायची ती दमून, किरकिर करायलाच. आता प्राची मोठी झाली, सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि जमीन मोजणीच्या कामाला लागली. तीन पायांच्या घोडीवर दुर्बिणीसारखं यंत्र लावतात, त्याला डोळा लावून उघड्या माळावर उभं राहायचं, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. ह्या उन्हाळ्यात घोडबंदर रोडला चेण्याच्या बाजूला काम होतं. पोरगी घरी यायची ती तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय.

मी काय केलं नाही? स्कार्फ आणला. "आई, हा वाऱ्याने यंत्रावर येतो." मलम आणलं. "चिकट आहे." मॉलमधून छान गुलाबी टोपी आणली. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. वाळ्याचं पाणी दिलं तर "आई, प्लीज, जरा शांत बसू दे." आणि रविवारी जेवायला वर गेली की तिथून हसण्याचा आवाज जिन्यातून थेट माझ्या स्वयंपाकघरात. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग मी ठरवलं, की सोला टोपी आपणच आणायची. वैनींनी द्यायच्या आत. वैनींच्या डोक्यात हे आजवर कसं आलं नाही, ह्याचं मला आश्चर्य वाटत होतं आणि आनंदही होत होता. भाईंदर पश्चिमेला शाळांच्या गॅदरिंगला कपडे भाड्याने देणारं एक दुकान आहे, तिथे गेले. राजाचे मुकुट, हनुमानाच्या गदा आणि मधे ही टोपी. मी विचारलं, "पक्की है ना?" दुकानदार म्हणाला, "बेन, एकदम ओरिजिनल. इसको पहनके कितने अंग्रेज मर गये." स्टेजवर, हे तो बोलला नाही. मी आरशात बघून घातली. अंबाड्यावर जरा उंच बसली, पण दिसत मात्र होती. प्राचीचं डोकं माझ्यावरच गेलंय, म्हटलं, बसेल. झालं. पंचवीस वर्षं वैनी बोलत होत्या ते मी सगळं ऐकलं होतं आणि टोपी निवडताना त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबा आणि टोपी घेऊन रिक्षाने थेट माळावर. भर दुपार. प्राची यंत्राला डोळा लावून वाकली होती, पाठ माझ्याकडे. मला वाटलं, सरप्राइज द्यावं. मागून गेले आणि टोपी तिच्या डोक्यावर ठेवली.

ती दचकून आणखी पुढे झाली. टोपीची पुढची लांब कड आपटली यंत्रावर. घोडीचा एक पाय सरकला. सकाळपासून बसवलेलं यंत्र हललं. वर टोपीला तडा गेला आणि घामाने तिचा खाकी रंग पोरीच्या कपाळावरून नाकावर. बरोबरची माणसं आधी घाबरली आणि मग हसायला लागली.

"आई! कुणी बोलावलं होतं तुला? सकाळचं सगळं परत करायचं आता! प्रत्येक गोष्टीत घुसायलाच हवं का? मी काय बालवाडीत आहे? आज डबा आणलास, उद्या वॉटरबॅग गळ्यात घाल माझ्या! जा तू. रिक्षात बस आणि घरी जा."

मी गेले. रिक्षात ती फुटकी टोपी मांडीवर घेऊन रडले. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "आंटी, कोई गुजर गया क्या?"

घरी न थांबता चौथा मजला गाठला. भांडायलाच. भाऊजी नेहमीप्रमाणे टीव्हीसमोर. वैनींनी दार उघडलं आणि माझ्याआधी टोपीकडे बघितलं. हातात घेतली, टिचकी मारली, नखाने जरा खरवडली. चर्र आवाज आला.

"सुलभा," त्या म्हणाल्या, "हे थर्माकोल आहे गं. ह्याच्यात मासे ठेवतात."

"हो! मला काही कळत नाही!" माझा बांध फुटला. "सगळं तुम्हालाच कळतं. घावन तुम्हाला येतात, माणसं तुम्हाला कळतात, टोपी तुम्हाला कळते. माझी पोरगी तुमच्याकडे हसते आणि माझ्यावर खेकसते. चार माणसांत हाकललं तिने मला आज. घ्या, तुम्हीच घ्या तिला!"

भाऊजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. वैनी आत गेल्या, कपाट उघडलं आणि जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्या मांडीवर ठेवलं. सोडलं तर सोला टोपी. नवी कोरी. हातावर घेतली तर वजनच नाही. आतली पट्टी टोपीला न चिकटता सुटी, मधून बोट जाईल एवढी फट, हवा खेळायला. मागची कड मानेवर उतरलेली. पुढची मात्र आखूड, आणि तिथे कापडावर हाताने घातलेले बारीक टाके.

"प्राचीची आहे," वैनी म्हणाल्या. "नवी मागवली आणि पुढची दोन बोटं मी कापली. यंत्राला लागते ना. मेन रोडवर मोजणीवाले होते, त्यांच्याजवळ अर्धा तास उभी राहून बघितलं डोळा किती जवळ नेतात ते. त्यांना वाटलं मोठी साहेब आलीय, चहा मागवला."

"कधी केलीत?"

"होळीच्या आधी."

"आणि दिली नाहीत? पोरगी रोज डोकं धरून येतेय, वैनी!"

वैनी साडीची घडी घालत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "काय काय बोलली गं ती तुला आज?"

मला वाटलं, मजा बघतायत. पण चेहरा तसा नव्हता. मी सांगितलं. बालवाडी सांगितली, रिक्षात बस आणि जा सांगितलं.

"ते वॉटरबॅगचं परत सांग."

परत सांगितलं. वैनी हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

"मला ती कधी असं बोलली नाही गं. एकदाही नाही. लहानपणी माझ्याकडून दूध करपलं तरी सगळं प्यायची. तोंड वाकडं नाही. खाली येऊन तुला सांगायची, हो ना?"

सांगायची. आणि मला तेव्हा गारगार वाटायचं, ते आठवून माझी मान खाली गेली.

"माझ्याकडे गोडच वागते. पाहुण्यांशी वागतात तशी. ही टोपी दिली असती, तर घातली असती आणि थँक्यू काकू म्हणाली असती. आणखी एक थँक्यू घेऊन मी काय करू, सांग? दरवेळी द्यायला काढायचे आणि परत ठेवून द्यायचे. चुकलंच माझं. तिच्या डोक्याचा विचार करायला हवा होता." त्यांनी टोपी माझ्याकडे सरकवली. "तूच दे. तुझी म्हणून दे. माझं नाव घेऊ नकोस."

मी खाली आले ती सुन्न होऊन. जन्मभर मी ह्या बाईवर जळतेय, आणि ही वर बसून माझ्या घरातल्या कटकटीवर जळतेय!

संध्याकाळी प्राची आली. माझ्याशी अबोला. मी टोपी पुढे केली. तिने हातात घेतली, वजन बघितलं, घातली. आरशासमोर वाकून डोळा पुढे नेला. कड कुठेच आपटली नाही. वळली तेव्हा तिचा चेहरा असा खुलला होता, की तसा मी बऱ्याच वर्षांत माझ्याकडे वळलेला बघितला नव्हता.

"आई! कुठून आणलीस ही?"

एवढंच म्हणायचं होतं, "शोधून आणली." अगदी जिभेवर आलं होतं. वैनींनी स्वतः परवानगी दिली होती.

"काकूची आहे," मी म्हटलं. "तुझ्यासाठी केलीय तिने. होळीच्या आधीपासून कपाटात ठेवून दिली होती."

"होळीच्या आधीपासून?" प्राचीचा आवाज चढला. "आणि मी इथे रोज गोळ्या खातेय? रविवारी समोर बसून जेवतेय मी तिच्या! काही बोलता येत नाही तिला?"

टोपी घालूनच ती जिना चढली. धाडधाड. वरचं दार उघडल्याचं ऐकू आलं आणि मग सुरूच झालं. "काकू, तू वेडी आहेस का? तीन महिने? कपाटात लोणचं घालणार होतीस टोपीचं?" वैनींचं आधी काहीच ऐकू येईना. मग बारीक आवाजात काहीतरी. मग मोठ्याने, "ओरडतेस काय एवढी? बहिरी नाही मी!" "बहिरी नाहीस, मुकी आहेस!" भाऊजींनी टीव्ही बंद केला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने दार उघडून मला विचारलं, "क्या हुआ भाभी? झगड़ा?"

"कुछ नहीं," मी म्हटलं. "घर का है."

मी कठडा धरून जिन्यात उभी राहिले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पोरगी खाली यायचं नाव घेईना. माझ्याशी ती एवढा वेळ कधी भांडली नव्हती.