शेट्येबाईंचा चेहरा रजेवर गेला तेव्हा

आमच्या गावात माणसाने सत्तरी गाठली की त्याचा चेहरा रजेवर जातो. आदल्या दिवशी तसं सांगून जातो. न सांगता जाणारे चेहरे आमच्याकडे नाहीत. बघणं, बोलणं, खाणं सगळं सुरू राहतं, फक्त चेहऱ्याच्या जागी मळलेल्या कणकेसारखं गुळगुळीत दिसतं. तो परत येईपर्यंत ज्याने त्याने आपला मुखवटा करून घालायचा. दुसऱ्याने केलेला टिकत नाही, पहिल्या चहालाच गळून पडतो.

नगरपालिकेच्या विरंगुळा केंद्रात हे काम माझ्याकडे आहे. कागद भिजवायचा, कुटायचा, कीड लागू नये म्हणून मेथीची पूड घालायची आणि लगदा पुढ्यात ठेवून गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमत नाही, ते सोडा.

शेट्येबाईंचा चेहरा गेला तशा त्या तडक केंद्रात आल्या. जन्मभर गणित शिकवलेली बाई, गावाला अजून धाक. पण त्या दिवशी आवाज पार बसला होता. त्यांच्या यजमानांना, दत्तारामांना, हल्ली काही आठवत नाही. नावं गेली, आवाज गेले, बाईंचा चेहरा तेवढा उरला होता. तो समोर असला तरच जेवायचे.

"मी चेहऱ्याला हात जोडले हो, सिंधूताई. म्हटलं, एवढ्यात नको जाऊस," बाई म्हणाल्या. "तर म्हणतो, मलाही विश्रांती नको का?"

मला भयंकर राग आला, पण रजा त्याच्या हक्काची होती.

बाईंचा पहिला मुखवटा हुबेहूब त्यांच्या आईचा झाला. त्यात नवल नाही. लगद्याला हात लावला की पहिल्यांदा सगळ्यांची आईच येते. दत्ताराम वाकून पाया पडले, पण जेवले नाहीत. दुसरा झाला शाळेतल्या बाईंचा. कपाळाला आठी, ओठ घट्ट. अगदी तुम्हीच, असं मी म्हणूनसुद्धा गेले. दत्ताराम भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवशी त्यांनी पेजही घेतली नाही.

मग मी विचारलं, घरी, जेवायला वाढताना, तुम्ही कशा दिसता?

"मला काय ठाऊक? मी आरशात बघायचे ती शाळेला निघताना."

बाईंनी लगदा पुन्हा पुढ्यात ओढला. मग बोटं आपणहून चालायला लागली. एक गाल जरा वर आला, ओठ किंचित उघडे राहिले, कुणाची तरी खोडी काढायच्या बेतात असल्यासारखे. बाईंनी तो मुखवटा हातात धरून उलटसुलट पाहिला. ही कोण, म्हणाल्या, मी हिला ओळखत नाही. मीही ओळखत नव्हते. ओलाच घेऊन आम्ही घरी गेलो. दारातच बाईंनी तो चढवला.

दत्तारामांनी मान वर करून पाहिलं.

"अगो," ते म्हणाले, "होतीस कुठे? भूक लागलीय मला."

बाईंनी पान घेतलं. भात, कुळथाची पिठी. दोघंही पोटभर जेवली आणि मी दारात उभी राहून खुशाल रडले.

काही दिवसांनी चेहरा रजा संपवून परत आला आणि ओसरीवर उभा राहून खाकरला. बाईंनी आतूनच सांगितलं,

"रजा वाढवून घे. आम्ही जेवतोय."