तळ्याविषयी प्रार्थनापूर्वक ठरले

सदर विद्यापीठ ख्रिस्ती असून त्याच्या फाटकावर 'सृष्टीची राखण हीच सेवा' असे कोरलेले आहे. तेथे इंग्रजी आणि पर्यावरणशास्त्र या विषयांत पदवी मिळते. इंग्रजी विभागाकडे एक बाई, चार विद्यार्थी आणि चॅपलमागचे तळे दिसेल अशी खिडकी होती. पर्यावरण विभागाकडे एक सर, अकरा विद्यार्थी, एक सूक्ष्मदर्शक आणि प्रत्यक्ष ते तळे होते. आता सूक्ष्मदर्शक आहे. हे कसे झाले ते क्रमाने पाहू, म्हणजे कोणाचाच दोष नव्हता हे नीट कळेल.

अकरांपैकी एक विद्यापीठाच्याच माळ्याची मुलगी होती. पदवीसाठी प्रत्येकाने एकाच जागेची सहा सत्रे निरीक्षणे नोंदवायची असतात. तिने तळे घेतले. रोज सकाळी सातला पायरीवर बसून ती वहीत लिही : बेडूक नऊ, चतुर चौदा, खंड्या एक, कालचाच. अशी पाच सत्रे भरली. सहावे भरले की तिच्या घरातली पहिली पदवी. तिच्या बाबांनी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

त्या वर्षीच्या पालकदिनाला चाळीस पालक मुलांसाठी विद्यापीठ बघायला आले. सगळ्यांनी तळ्याकाठी फोटो काढले. जाताना अभिप्राय लिहून दिले. अडतीस जणांनी लिहिले की तळे फारच सुंदर आहे, फक्त गाडी लावायला जागा नाही.

कुलसचिवांनी हे अभिप्राय समितीपुढे ठेवले. पालक तळ्यासाठी येतात, पण गाडीसाठी परत जातात. तेव्हा गाडीची सोय तळ्याच्या शक्य तितकी जवळ व्हायला हवी. शक्य तितकी जवळ म्हणजे कुठे, यावर विचार झाला आणि तळ्याहून जवळची जागा कोणालाच सापडली नाही.

समितीची एक जुनी रीत होती. आधी प्रार्थना, मग विषय, मग पुन्हा प्रार्थना. ही दुसरी प्रार्थना चालू असताना कुलसचिव इतिवृत्त लिहून टाकत आणि प्रत्येक ठराव 'असे प्रार्थनापूर्वक ठरले' या शब्दांनी संपवत. मग हरकत घेणाऱ्याला आपली हरकत नेमकी कोणाविरुद्ध जाते आहे, याचा दोनदा विचार करावा लागे.

मुलगी सरांकडे गेली. "सर, तुम्ही होतात ना बैठकीला?"

"होतो गं," सर म्हणाले. "पण डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ठराव झाला होता."

तळे बुजवून वाहनतळ करण्याच्या कामाच्या उद्घाटनाला आशीर्वाद देण्यासाठी म्हाताऱ्या पाळकसाहेबांना बोलावले. त्यांच्या हातात विरोधाचे दुसरे काही साधन नव्हते, म्हणून त्यांनी प्रार्थनाच लांबवली. बेडकांपासून सुरुवात करून त्यांनी तळ्यातल्या एकेका जिवाचे नाव घेतले. मुलीने त्यांना वही दिली होती. पन्नास मिनिटे मुरुमाचे ट्रक उभे राहिले, चालकांनीही टोप्या काढल्या. अखेर पाळकसाहेबांचा आवाज बसला, कोणीतरी त्यांच्या वतीने 'आमेन' म्हणाले आणि पहिला ट्रक रिकामा झाला. काठावरची झाडे गाड्यांना वळायला आड येत होती, ती बाबांनाच तोडावी लागली. त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत.

मुलगी कुलसचिवांकडे गेली. एक सत्र राहिले होते आणि नियमाप्रमाणे तिसऱ्या सत्रानंतर जागा बदलता येत नव्हती.

"बदलतंय कोण?" कुलसचिव प्रेमाने म्हणाले. "तळं नकाशात आहे, माहितीपुस्तिकेत आहे, मुखपृष्ठावर तर रंगीत आहे. तू आपली निरीक्षणं चालू ठेव, बाळ."

तिने ठेवली. रोज सातला वाहनतळाच्या कठड्यावर बसून ती लिहू लागली : बेडूक शून्य, चतुर शून्य, खंड्या शून्य, गाड्या चौसष्ट. सत्र संपल्यावर तिने वही दिली. नेमकी तेव्हाच बाहेरची मूल्यांकन समिती येणार होती. विभागाच्या एकमेव पूर्ण झालेल्या अभ्यासात एवढी शून्ये पाहून कुलसचिवांना घाम फुटला.

"हे खरं आहे, साहेब," मुलगी म्हणाली.

"खरं आहे, पण अपुरं आहे," कुलसचिव म्हणाले. "निरीक्षणाला समोर वस्तू लागते. वस्तू नसताना जे लिहितात त्याला काय म्हणतात?"

त्याला साहित्य म्हणतात, असे इंग्रजीच्या बाईंनी कळवले. त्यांच्याकडे चारच विद्यार्थी होते आणि विभाग टिकायला पाच लागत होते. विषय बदलण्याविरुद्ध नियम नव्हता, तो फक्त जागेला होता. मुलीने आठवणीतले तळे इंग्रजीत लिहून द्यावे, पदवी त्याच विभागाची घ्यावी, असे प्रार्थनापूर्वक ठरले.

"मला बेडकांची पदवी हवी होती, बाई."

"मलाही खिडकीतून तळं हवं होतं," बाई म्हणाल्या. "लिही. निदान कुठेतरी राहील."

मुलीने सहाव्या सत्रातले तळे लिहिले. पाणी किती खाली गेले असते, खंड्या कुठल्या फांदीवर बसला असता, सगळे हिशेबशीर. ते लेखन पर्यावरण विभागाच्या फाईलला परिशिष्ट म्हणून जोडले गेले. मूल्यांकन समितीने गाडी लावली, वाहनतळाची प्रशंसा केली आणि वातानुकूलित खोलीत फाईल वाचली. वाचताना डराव डराव ऐकू आल्याचे अध्यक्षांनी शेऱ्यात नमूद केले. पर्यावरण विभागाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. मुलीला इंग्रजीची पदवी मिळाली, तीही पहिल्या क्रमांकाने. बाबांनी ती खिळ्यावर टांगली. तिच्यावर काय लिहिले आहे हे त्यांनी दोनदा विचारले आणि मग विचारायचे सोडून दिले.

आता मुलगी प्रवेश कार्यालयात नोकरीला आहे. माहितीपुस्तिका तीच लिहिते. यंदाचा तळ्याचा परिच्छेद वाचून प्रवेश दुप्पट झाले. सकाळी सातला मात्र ती अजून कठड्यावर बसते आणि वहीत शून्ये लिहिते. कोणी मागत नाही, तरी लिहिते.

पालकांचे अभिप्राय वाचणे हेही तिचेच काम. परवाच्या पालकदिनाचा एक कागद तिने मला दाखवला. अक्षर सुरेख होते. पुस्तिकेतल्या वर्णनाचे कौतुक होते. निसर्गाची ओढ आम्हाला पहिल्यापासूनच, मुलगा पर्यावरणच घेणार, असेही होते. खाली एकच सूचना होती : वाहनतळावर सावली नसल्याने गाडी फार तापली, एखादे झाड असते तर बरे झाले असते.

"ही सही ओळखीची वाटते का बघा," ती म्हणाली.

मी चष्मा पुसून पाहिले. सही ओळखीची नव्हती, सूचना मात्र होती. मग तिच्याकडचे इतर कागद मागितले आणि माझा, मागच्या वर्षीचा, निघाला. तुमचाही त्याच गठ्ठ्यात आहे. तिने तो जपून ठेवला आहे.