माशाशेजारचा नळ

असं समजा, मुलांनो, की तुम्ही एका न्हाणीघरात उभे आहात. भिंतीला कालच पांढऱ्या फरश्या लागल्या आहेत, इतक्या चकचकीत की त्यांत आपलं नाक दिसावं. आणि त्याच भिंतीतून दोन म्हातारे नळ बाहेर डोकावताहेत, एक गरम पाण्याचा, एक गार पाण्याचा. दोघेही गंजलेले, मुळाशी हिरवट. नव्या सदऱ्याला जुनी बटणं लावावीत तसे. आता तुम्ही विचाराल, फरश्या लावण्याआधी हे का नाही काढले?

फरशीवाल्याने तेच विचारलं होतं. त्यावर घरातले बाबा म्हणाले होते, "तुम्ही फरश्या लावा हो. नळ काय, लोण्यातून केस काढावा तसे काढतो मी." बाबांच्या हातून लोण्यातला केस निघालेलाही कुणी पाहिला नव्हता, पण फरशीवाला पडला परका माणूस. त्याने नळांभोवती फरश्या कापून बसवल्या आणि तो निघून गेला.

त्या फरश्यांत एकच रंगीत होती, निळ्या माशाची. घरातल्या नऊ वर्षांच्या धाकटीने ती निवडली होती, आणि दुकानात तशी एकच उरली होती. ती बसली नेमकी गार नळाला खेटून. फुटली तर दुसरी मिळणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी पाण्याची मुख्य चावी बंद केली आणि गार नळाला पाना लावला. इथवर सगळं बरोबर होतं. बाबांच्या कामांत हा भाग नेहमी छोटाच असतो. पाना ओढला, नळ ढिम्म. मग त्यांनी गंज सोडवायचं तेल आणलं, नळाच्या मुळाशी दोन थेंब टाकले आणि लगेच पुन्हा पाना उचलला.

धाकटीने तेलाचा डबा वाचला. "बाबा, यावर लिहिलंय, तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळा, मधूनमधून हलकेच ठोका आणि रात्रभर थांबा."

"लिहिणाऱ्याचं काय जातंय? त्याला डबे खपवायचेत."

रात्रभर थांबायला सांगून जास्त डबे कसे खपतात, ते धाकटीला कळलं नाही. बाबांनाही विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मग पलीकडच्या गल्लीतून काकांना बोलावणं गेलं. काका हे बाबांचे थोरले भाऊ, आणि त्यांच्यापाशी सगळ्या अडचणींवर एकच औषध होतं: जोर. त्यांनी पान्याच्या दांड्यात हातभर लांब लोखंडी पाइप अडकवला आणि सगळ्यांना बघायला सांगितलं. सगळ्यांनी बघितलं. पाना सटकला, नळाच्या कडा झिजून गोल झाल्या आणि पाइपाच्या टोकाने बेसिनचा टवका उडवला.

मग दोघांनी मिळून ओढायचं ठरलं. पाइप वर ओढायचा की खाली, यावर मतभेद झाला. काका वयाने मोठे म्हणून त्यांचं खरं, पण घर बाबांचं म्हणून त्यांचंही खरं. त्यामुळे काही वेळ दोघे भाऊ एकच पाइप विरुद्ध दिशांना ओढत राहिले. नळाला त्या दिवसात तेवढीच काय ती विश्रांती मिळाली. शेवटी काकांचा पाय तेलावरून घसरला आणि पाइप न सोडता ते थेट बादलीत बसले. त्या हिसक्याने कट् असा आवाज झाला. नळाखालची फरशी आडवी तडकली. तिच्या लगेच वर मासा होता.

आई दारात येऊन उभी राहिली. "दादा, तुम्ही आधी बादलीतून निघा," ती काकांना म्हणाली. "उद्या सकाळी प्लंबर येईल. आता कुणी त्या नळाकडे बघायचंसुद्धा नाही."

ती वीर मंडळी कंबर चोळत चहाला गेली. धाकटी मात्र मागे राहिली. तिने जुन्या फ्रॉकची पट्टी तेलात बुडवून गार नळाच्या मुळाशी गुंडाळली आणि पळीच्या दांड्याने हलकेच बारा वेळा ठोकलं. अभ्यासानंतर पुन्हा बारा वेळा. झोपायला जाताना पुन्हा.

सकाळी प्लंबर आला. त्याने तडकलेली फरशी बघितली, बेसिन बघितलं आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. अशाच घरांवर त्याचं पोट चालत होतं. त्याने चिंधी सोडली, दातेरी पाना लावला आणि एका हाताने फिरवला. नळ जरा कुरकुरला आणि निघून हातात आला. मासा जागच्या जागी.

"निघणारच," बाबा म्हणाले. "काल आम्ही दोघांनी खिळखिळा करून ठेवला होता. एक झटका तेवढा बाकी होता."

"अर्धाच," काका म्हणाले.

प्लंबरने हातातल्या चिंधीकडे बघितलं, मग धाकटीकडे बघितलं आणि तो गरम नळाकडे वळला.

"तो राहू द्या," बाबा बाह्या सरसावत म्हणाले. "तो मी काढतो."

गरम नळाला चिंधी नव्हती. त्याच्या शेजारी मासाही नव्हता.

धाकटीने बाबांच्या हातात पाना दिला आणि काकांना पाइप आणून दिला. मग तेलाचा डबा पाठीमागे धरून, कालची बादली पालथी घालून, ती तिच्यावर ऐसपैस बघायला बसली.