घरचा संगणक आणि चौथा नियम

परगावी बसून आपल्या घरचा संगणक चालवता येतो, हे आमच्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं आहे. एखादी गोष्ट नीट समजून घेतली की ती अवघड राहत नाही, असं मी मुलांना सांगत आलो. निवृत्त झाल्यावर तेच स्वतःला सांगून मी संगणक शिकलो, आणि तोही असातसा नाही. आठ दिवस लेकीकडे राहायला निघालो तेव्हा तिनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, पुस्तकाची फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन या, नाहीतर मेल तरी करून ठेवा." मी मनातल्या मनात हसलो. घरात नळ असताना कुणी बादल्या भरून बरोबर नेतं का?

पुस्तक म्हणजे मी लिहिलेली बासष्ट गणितं. आमच्या जवळच्या शाळेत मी आठवड्यातून दोनदा चौथीच्या मुलांना शिकवायला जातो. वर्गात मुलं बासष्ट, म्हणून गणितंही बासष्ट. प्रत्येक गणितात वर्गातलं एकेक मूल. कुणी टाकी भरतंय, कुणी सायकल दामटतंय, कुणी भावंडांना गोळ्या वाटतंय आणि स्वतःला दोन जास्त ठेवतंय. सुट्टी लागायच्या आधी एकेक जण हळूच येऊन विचारून गेला होता, "सर, माझं गणित झालं का?" सोमवारी शाळा उघडायची होती. छापखानेवाले म्हणाले होते, बुधवारी दुपारी एकपर्यंत फाईल द्या. त्यानंतर मशीनवर कॅलेंडरं चढली की तीन आठवडे तुमचा नंबर नाही. तेव्हा एक ही वेळ पक्की होती.

फाईल आधीच का दिली नाही, असं तुम्ही विचाराल. एकसष्टाव्या गणितातली टाकी काही केल्या पूर्णांकात भरत नव्हती. प्रवासात विचार करू, लेकीकडे बसून दुरुस्त करू आणि तिथूनच पाठवून देऊ, असा बेत होता. संगणक चालू ठेवला. दुरून संगणक चालवायच्या प्रोग्रामनं दिलेला सहा आकडी क्रमांक वहीत लिहून घेतला. संगणकावर कागद चिकटवला : 'बंद करू नये.' का, ते बायकोला सांगितलं नाही. समजावून सांगायला वेळ लागला असता आणि गाडी गाठायची होती.

बुधवारी बरोबर बारा वाजता मी लेकीच्या लॅपटॉपसमोर बसलो. शेजारी स्टुलावर माझी नऊ वर्षांची नात. क्रमांक टाकला आणि पडद्यावर माझ्या घरचा पडदा उघडला. मागे डोंगराचं चित्र, डाव्या कोपऱ्यात माझी फोल्डरं, सगळं जिथल्या तिथं. नातीला म्हटलं, "बघ, आपण इथं, पण हात तिथं."

फाईल उघडली. लगेच बंद झाली. पुन्हा उघडली, पुन्हा बंद. मी बाण डावीकडे नेला की तो उजवीकडे जाई.

"अंतर लांबचं आहे ना," मी समजावून सांगितलं, "त्यामुळे बाण जरा अडखळतो."

"अडखळत नाहीये आजोबा," नात म्हणाली. "कुणीतरी ओढतंय त्याला."

मुलांच्या निरीक्षणाला नेहमी दाद द्यावी. मी दाद दिली आणि माझंच बरोबर कसं ते पुन्हा सांगितलं. एवढ्यात पडदा काळा झाला.

तिकडे काय घडलं ते मला मागाहून कळलं. बायको फडकं घेऊन टेबल पुसायला आली होती. घरात दुसरं कुणी नाही, माउसला कुणाचा हात नाही आणि पडद्यावर बाण आपला आपण फिरतोय. बरं, फिरतोय तो थेट नवऱ्याच्या फाईलवर. तिनं माउस धरला आणि चोराशी दोन मिनिटं झटापट केली. चोर चिवट निघाला. मग तिला वर्ग आठवला.

हा वर्ग माझाच. रविवारी सकाळी इमारतीतल्या वयस्कर मंडळींना मी ऑनलाइन फसवणुकीपासून सावध कसं राहायचं ते शिकवतो. बायको पहिल्या रांगेत बसते आणि सगळं वहीत लिहून घेते. तिच्यासारखी विद्यार्थिनी मला शाळेतही मिळाली नाही. पहिला नियम : संगणकात कुणी शिरल्याचा संशय आला तर आधी वायर काढा, विचार नंतर करा. तिनं इंटरनेटच्या डबीची वायर काढली, संगणकाचीही काढली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. दुसरा नियम : एकट्यानं निस्तरू नका, कुणाला तरी बोलवा. खालच्या मजल्यावरच्या काकू चष्मा सावरत वर आल्या.

इकडे मी तिला फोन लावला.

"कोण?" तिनं विचारलं.

"अगं, मी."

"मी कोण?"

"तुझा नवरा."

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली.

मी म्हटलं, नंबर बघ, माझाच आहे. ती म्हणाली, नंबर खोटा दाखवता येतो. मी म्हटलं, आवाज ऐक. ती म्हणाली, हल्ली आवाजाचीही नक्कल होते, आमच्या सरांनी सांगितलंय. सर मीच, असं मी ओरडून सांगितल्यावर तिनं बाजूला कुणाला तरी म्हटलेलं मला ऐकू आलं, "बघा, माहिती किती गोळा केलीय मेल्यानं."

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. लेकीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकून आईला सांगितलं की हे बाबाच आहेत. त्यावर आईनं तिला विचारलं, "आणि तू कोण?"

तिसरा नियम असा : खात्री करायची तर असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर कुठेही लिहिलेलं नाही. हा नियम शिकवताना मला फार अभिमान वाटला होता.

"ठीक आहे," बायको म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी खालच्या काकूंची कुंडी कुणी फोडली?"

लेक माझ्याकडे बघायला लागली. जावई जेवता जेवता थांबला. त्या दिवशी मी लांब दांड्याच्या ब्रशनं खिडकीची जाळी साफ करत होतो. दांडा जरा जास्तच लांब निघाला. काकू वर विचारायला आल्या तेव्हा मी म्हटलं होतं, मांजर पळताना दिसलं. खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी घड्याळ पाहिलं. मला बासष्ट चेहरे दिसले.

"मी फोडली," मी म्हटलं. "ब्रशच्या दांड्यानं. मांजर तिथं नव्हतंच."

पलीकडेही फोन स्पीकरवर होता. मग काकूंचा आवाज आला.

"मास्तर, सहा वर्षं मी त्या मुक्या जिवाच्या मागे काठी घेऊन धावतेय."

"चुकलं काकू."

"मला गुडघे आहेत मास्तर."

"पटलं," बायको म्हणाली. "हेच आहेत."

पुढचं सोपं होतं. मी सांगत गेलो, ती करत गेली. वायरी जोडल्या, डबीचा दिवा हिरवा झाला, संगणक उठला. बारा बेचाळीस. आता फक्त एक गोष्ट हवी होती. संगणक बंद होऊन चालू झाला की प्रोग्राम नवा क्रमांक देतो. मी तिला म्हटलं, मधोमध सहा आकडे दिसतील, तेवढे वाचून दाखव.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"चौथा नियम. पडद्यावरचा आकडा कुणालाही सांगायचा नाही."

"अगं, पण मी मीच आहे हे आत्ताच ठरलं ना?"

"तुम्ही काय म्हणाला होतात? थांबा, वाचून दाखवते." वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "'कुणालाही म्हणजे अगदी मलाही नाही. मी कितीही गयावया केली तरी नाही.' खाली दोन रेघा मारल्यात. तुम्हीच मारायला लावल्या होत्या."

मी गयावया केली. तिनं वहीत तेही लिहिलं होतं म्हणून ती बधली नाही. काकू मागून म्हणाल्या, या माणसाच्या शब्दावर आता कशाला विश्वास ठेवतेस. बारा पन्नास झाले. मी कपाळाला हात लावून बसलो. तेव्हा बायकोनं, इतक्या वेळात कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

"पण ही फाईल द्यायची कुणाला आहे?"

"छापखानेवाल्यांना. एकच्या आत."

"कुठल्या? या समोरच्या?"

छापखाना कुठे आहे, ते मी तुम्हाला सांगितलं नाही. खरं तर त्या पन्नास मिनिटांत मलाही ते आठवलं नव्हतं. आमच्या समोरच्या इमारतीत, तळमजल्यावर. आमच्या खिडकीतून त्यांच्या मशीनचा पंखा दिसतो.

तिनं फोन टेबलावर ठेवला. खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, "अहो छापखानेवाले, जरा वर या, आमच्या ह्यांची फाईल घेऊन जा. येताना पेन ड्राइव्ह आणा." जिन्यात पावलं वाजली. बारा चौपन्नला छापखानेवाले माझ्या खुर्चीत बसले होते. टाकीतला एक आकडा मी फोनवर सांगितला, तो त्यांनी तिथंच बदलला. बारा सत्तावन्नला ते जिना उतरले. सोमवारी मुलांना पुस्तकं मिळणार होती.

मी फोन खाली ठेवला. लेक आणि जावई ताटांवर परत गेले. नात मात्र स्टुलावरून हलली नव्हती. काळ्या पडद्याकडे बघत ती विचार करत होती.

"आजोबा," तिनं विचारलं, "मग आपण इथून नक्की काय केलं?"

चौतीस वर्षांत मी एकाही मुलाचा प्रश्न टाळलेला नाही. कितीही घाई असली तरी खडू खाली ठेवून, त्याच्या उंचीला वाकून उत्तर दिलं आहे.

"नंतर सांगतो," मी म्हटलं. "आधी हात धुऊन ये."